24 तास कोणते, तेवढं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तुम्ही 'अतिवृष्टी म्हणजे काय?' अशी चौकट छापली. शेतीला एवढी जागा मिळाली, आभारी आहे. त्यात कामाची ओळ एकच होती: '24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस.' उरलेल्या जागेत छत्रीचा फोटो.

पण कोणते 24 तास? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, हे तुमच्या चौकटीत नाही. आम्हाला ते वावर खरडून गेल्यावर कळलं. भादव्यात आमच्याकडे पहाटे पाऊस लागला तो दुपारपर्यंत हटला नाही. नाल्याकाठचा बांध फुटला, शेंगा धरलेलं सोयाबीन आडवं झालं, पऱ्हाटी पाण्यात उभी. कागदावर मात्र साडेआठच्या आधीचा पाऊस एका तारखेत गेला आणि नंतरचा दुसऱ्या. दोन्ही आकडे 65 च्या आत. बेरीज केली असती तर सहज वर गेली असती. पण सलग पडलेल्या पावसाची बेरीज करायची कोणी? त्यात मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या (काही गावं मिळून होतं ते) मुख्य गावी, वावर आमच्या गावी. नुकसानीच्या मदतीची चौकशी करायला गेलो तर टेबलापलीकडच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "काका, तुमचं मंडळ त्याच्यात बसत नाही जी." वावर बसलं होतं साहेब, चांगलं खोल बसलं होतं.

मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. 'वर्तुळाची व्याख्या लिहा' म्हटलं की पोरं लिहायची, 'गोल आकृतीला वर्तुळ म्हणतात.' मी भोपळा द्यायचो, पालक भांडायला यायचे. प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या बिंदूंचा संच, असं लिहावं लागतं. त्यातला 'प्रतलातील' एवढा शब्द गाळला तर वर्तुळाचा चेंडू होतो. तुमच्या चौकटीतही मोजमाप कुठलं आणि कधीपासून कधीपर्यंतचं, एवढंच गळलंय. शिवाय कधी तुम्ही '65 पेक्षा जास्त' छापता, कधी '65 किंवा त्याहून जास्त'. बरोबर 65 मिमी पडलेल्या गावाने काय करायचं, ते वार्ताहराला विचारून कळवा.

सरकारला हे जमतच नाही असंही नाही. 2023 मध्ये 'सततचा पाऊस' आपत्तीत धरला तेव्हा सलग 5 दिवस आणि दररोज किमान 10 मिमी, असं मोजता येईल असं लिहिलं. एखाद्या दिवशी 9 मिमी पडला की साखळी तुटते, हे खरंच. पण निदान भांडायचं कशावर, ते तरी समजतं.

आणि ती ढगफुटी! हवामान खात्याच्या हिशेबात तासाभरात साधारण 100 मिमी कोसळला तर ढगफुटी. तुमच्याकडे नाल्याला पूर आला की ढगफुटी. मग पुण्याहून भाच्याचा फोन येतो, "मामा, तुमच्याकडे ढगफुटी झाली म्हणे, मदत किती मिळाली?" त्याला काय सांगू, साडेआठचं गणित?

चौकट पुन्हा छापणार असाल तर छत्री काढा, जागा पुरेल.

ता.क. बाजारभावाच्या रकान्यात तुम्ही किमान, कमाल आणि 'सर्वसाधारण' दर छापता. सर्वसाधारण म्हणजे सगळ्या मालाची सरासरी, की जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला तो दर? अडत्या एक सांगतो, मापारी दुसरं. आणि तो दर किती ओलाव्याच्या सोयाबीनचा, तेही छापत चला. 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की काट्यावर कशी कापाकापी होते, ते बघायला एकदा तुमच्या माणसाला यार्डात पाठवा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ