तू वाकलास तेव्हा

सामोआच्या गावात नारळ सोलून दाखवणाऱ्या मुला,

तुझं नाव विचारायचं राहिलं, त्याची चुटपुट घरी येऊन तीन आठवडे झाले तरी जात नाही. म्हणून हे पत्र असंच, नावाशिवाय.

माझी आई मूळची गुहागरची. वय ७४. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी टेकत हळूहळू चालते, डाव्या हातात जोर नाही, शब्द सापडायला वेळ लागतो. ज्या सहल कंपनीबरोबर आम्ही हवाईला आलो होतो, त्यांना हे सगळं पैसे भरायच्या आधी सांगितलं होतं. "अजिबात काळजी करू नका" म्हणाले होते. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या माणसाने भर बसमध्ये सगळ्यांदेखत ऐकवलं, "आजींमुळे ग्रुपचा खोळंबा होतोय." आई काही बोलली नाही. रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी खोलीवरच पडते." ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही ग्रुप सोडला. स्वतंत्र गाडी केली आणि वायकिकीहून तासाभरावरच्या लाइए गावी, पॉलिनेशियन कल्चरल सेंटरला आलो. १९६३ पासून चाललेली ही जागा केवढी मोठी, ४२ एकरांची! सामोआ, टोंगा, फिजी, ताहिती, हवाई आणि माओरींचं आओतेआरोआ म्हणजे न्यूझीलंड, अशा पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या धर्तीवर तिथेच उभारलेली सहा गावं, आणि शेजारच्या विद्यापीठात शिकता शिकता तिथे काम करणारी तुझ्यासारखी मुलं. माझी लेक टोंगाच्या ढोलांपासून हलेना. हवाईच्या गावात अळूच्या कांद्याचं पोई चाखताना कळलं, की हे लोक अळूला माणसाचा थोरला भाऊ मानतात. आईला ते एकदम पटलं. अळूवर वाढलेली बाई ती.

पण मला सांगायचंय ते तुझ्या गावातलं. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी झाली होती. आईला पुढच्या बाकावर जागा मिळाली, पण येणारा-जाणारा तिच्या पायांवरून, काठीवरून ढांगा टाकत चालला होता. ती पाय आणखी आणखी आत ओढून घेत होती. तेवढ्यात तू नारळ घेऊन तिच्यासमोरून गेलास. जाताना कमरेत वाकलास, मान खाली घातलीस आणि हळूच म्हणालास, "तुलोउ." नंतर मी विचारलं तेव्हा सांगितलंस, की बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून ताठ मानेने जायचं नसतं, वाकून माफी मागत जायचं.

आईने ओढून घेतलेले पाय सावकाश पुढे घेतले. मुला, तेवढंच झालं. पण तिला ओळखणाऱ्या मला त्यात सगळं दिसलं. दोन वर्षांत लोकांनी तिला धरलंय, उचललंय, सांभाळलंय, मोठ्या आवाजात समजावलंय. तिचा मान कुणी ठेवला नव्हता. आम्ही घरचेसुद्धा तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलत होतो, ती तिथे नसल्यासारखं. माणुसकी म्हणजे काय करायचं असतं, हे मला या वयात तुझ्याकडून कळलं. रॅम्प आणि खुर्ची मागून मिळते, हे मागायचं कसं?

टोकदार काठीवर सोडण काढून, दगडाच्या एका ठोक्यात तू नारळाची दोन सरळ भकलं केलीस, तेव्हा आईने ओळखीची मान हलवली. ते तू हेरलंस. कार्यक्रम संपल्यावर जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसलास, म्हणजे तिला वर बघायला नको. तिला धरून त्या खवणीच्या लाकडी बैठकीवर बसवलंस. डाव्या हाताने भकल पेलेना, तर त्या बाजूने तू धरलंस. ती उजव्या हाताने फिरवत राहिली, जराजरा, गोल, आमच्याकडे बायका फिरवतात तशी. पांढराशुभ्र चव खाली पडत होता. करवंटी जवळ आल्यावर ती थांबली आणि चक्क मराठीत तुला दटावलं, "काळं यायला नको." तू काय समजलास कोण जाणे, पण लगेच हात थांबवलास आणि म्हणालास, "काळं." झटक्यानंतर न अडखळता आलेलं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

परवा तिने माळ्यावरची खोवणी काढायला लावली. अर्धा नारळ खवायला पाऊण तास लागला. दुसरी बाजू माझ्या लेकीने धरली होती. सोलकढी झाली.

तुझे आभार मानायला आईने मला बसवलंय. तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, की तुझ्या आईला आमचा नमस्कार सांग.

तुझी,
त्या गुहागरच्या आजींची मुलगी