ढोल किती, यापेक्षा चौकात किती वेळ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीवरचा जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. एका बाजूला ‘पथके बंद करा’, दुसऱ्या बाजूला ‘परंपरेला हात लावू नका’. राष्ट्रीय हरित लवादाने 2024 मध्ये एका पथकात तीसच जण असावेत, असे सांगितले आणि ऐन उत्सवात, 12 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यानंतर चर्चा संख्येवरच अडकून पडली आहे. मिरवणूक तीस तासांच्या घरात का जाते, याचे उत्तर मात्र संख्येपेक्षा चौकात सापडते, म्हणून हे पत्र.

मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून बेलबाग चौक आणि तिथून लक्ष्मी रस्त्याने अलका चौक, हा मिरवणुकीचा मुख्य मार्ग पायी अर्ध्या तासाचा. तिथल्या गर्दीचा हिशेब असा मांडता येतो. चाळीस ढोलांचे पथक घ्या. लक्ष्मी रस्त्यावर कार्यकर्त्यांनी पथकाभोवती धरलेल्या दोरीच्या आत चौघांची रांग बसते, म्हणजे दहा रांगा. पोटाला ढोल बांधलेल्या माणसाला पुढे-मागे मिळून पाच फूट तरी लागतात, झाले पन्नास फूट. ताशे, झांजा, ध्वज आणि मधले अंतर धरले की पथक शंभर फुटांवर जाते. अशी तीन पथके, मागे रथ, ट्रॅक्टर, जनरेटर, कार्यकर्ते. एका मंडळाची लांबी चारशे फूट झाली. तासाला एक किलोमीटर या संथ चालीने हे मंडळ कुठेही न थांबता एक चौक ओलांडायला सात मिनिटे घेते.

पण थांबायचे नाही, असे होत नाही. प्रत्येक पथकाला बेलबाग चौकात वाजवायचे असते. पाच मिनिटेच वाजवले तरी तीन पथकांची पंधरा, म्हणजे मंडळामागे बावीस मिनिटे. शंभर मंडळांना छत्तीस तास! त्याच मंडळाने एकच पथक आणले तर लांबी दोनशे फूट, चौक ओलांडायला चार मिनिटे आणि वादनाची पाच. शंभर मंडळे पंधरा तासांत पुढे जातात. मिरवणुकीचा वेग सगळ्यात हळू चालणारा चौक ठरवतो. बाकीच्या रस्त्यावर कितीही घाई केली तरी काही उपयोग नाही. त्यातून बेलबाग चौकात शिवाजी रस्त्याने मंडईकडून येणारी मंडळेही येतात आणि सोन्या मारुती चौकाकडून येणारी पूर्व भागातलीही. दोन ओढे एका नळीत. मानाचे पाच गणपती पुढे सरकेपर्यंत ही सगळी रांग मागे तुंबलेली असते.

‘जास्त ढोल, जास्त दणका’ हा समजही तपासायला हवा. ढोलांची संख्या दुप्पट केली तर आवाज सुमारे तीन डेसिबलने वाढतो. पदपथावर उभ्या माणसाला चाळीस आणि ऐंशी ढोलांतला फरक जेमतेम जाणवतो. रस्ता मात्र दुप्पट अडतो. शिवाय रांगा वाढल्या की मागच्या रांगेला ताशा उशिरा ऐकू येतो आणि ‘हात’ (बसवलेला ठेका) फाटतो, म्हणजे लय सुटते. शंभर ढोलांचे पथक लांबून बघायला भव्य असते, पण लयीत ते क्वचितच असते. चांगले वादन ऐकायचे असेल तर तीस-चाळीस ढोल आणि ठेका घट्ट धरणारे सात-आठ ताशे पुरतात, असे आमचे मत आहे. ते अनेक पथकांना आवडणार नाही.

दुसरी गोष्ट उभ्या वादनाची. अवघड हात चालताना वाजत नाहीत. ढोल मांडीवर आपटतो, टिपरू चुकते. म्हणून पथके थांबून वाजवतात आणि पुढे जायची वेळ आली की वादनच बंद करतात. मग पुढचे मंडळ लांब गेलेले, मध्ये मोकळा रस्ता आणि तिथे घुसलेली गर्दी. ती हटवण्यात आणखी दहा मिनिटे जातात. यावर उपाय सरावातच आहे. एक-दोन साधे हात फक्त चालत वाजवण्यासाठी बसवायचे आणि चौक सोडून कुठेही उभे राहायचे नाही. चौकात तीन हात, मग ध्वज पुढे. ताशाप्रमुखाने ध्वजाकडे बघायचे, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे नाही.

रथाचे वळण कोणी मोजत नाही. मंडईकडून आलेला लांब ट्रेलर बेलबाग चौकात डावीकडे एका फटक्यात वळत नाही. तो मागे-पुढे करावा लागतो आणि तेवढ्यात पुढचे पथक तिथेच रिंगण धरून उभे असते. पथकाने वळणापुढे पन्नास फूट जाऊन थांबले तर रथ वळायला जागा मिळते. मागच्या पथकाने दोरी आवरून धरायची. दोरी धरायला वादनाने थकलेली मुले उभी करू नका. चाळीस ढोलांना वीस-बावीस ताजे कार्यकर्ते लागतात. चेंगराचेंगरी पथकाच्या आत होत नाही, ती दोरी आणि दुकानांचे ओटे यांच्यामध्ये होते. रुग्णवाहिका आली की लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी दुभंगते, ते दृश्य खरोखर बघण्यासारखे. पण दोन्ही बाजूंना दोरी ताणलेली असेल तर गर्दीने सरकायचे कुठे?

राहिला प्रश्न रात्रीचा. बारा वाजता ध्वनिक्षेपक बंद होतात आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू होतात. या सहा तासांत रस्ता सर्वात मोकळा असतो. तरीही भिंतीएवढे स्पीकर लावलेली काही मंडळे सहा वाजण्याची वाट बघत जागेवरच उभी राहतात. मिरवणुकीचा दुसरा दिवस इथेच जन्माला येतो. रात्री थांबलेल्या मंडळाचा क्रम मागे जाईल आणि चालणारे मंडळ त्याला ओलांडून पुढे जाईल, एवढा एकच नियम मंडळांनी आपसांत मान्य करावा. त्याला ना न्यायालय लागते, ना डेसिबल मोजायचे यंत्र. दगडूशेठ गणपती 2023 पासून मध्यरात्रीऐवजी दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत निघू लागला, तेव्हा वेळापत्रक बदलता येत नाही, ही सबब तशीही उरलेली नाही.

यंदा पोलिसांनी आणि मंडळांनी बैठकीत ‘किती वाजता संपणार’ हे विचारण्याआधी बेलबाग, उंबऱ्या गणपती आणि अलका या तीन चौकांत प्रत्येक मंडळाची येण्याची आणि सुटण्याची वेळ लिहायला एकेक माणूस बसवावा. एक वही आणि एक घड्याळ पुरे. दुसऱ्या दिवशी ती यादी आपण आपल्या वृत्तपत्रात छापावी, ही विनंती.

आपले,
काही जुने वादक व कार्यकर्ते,
नारायण पेठ, पुणे