धरणांच्या पाण्यात शिशाची दोरी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर, दारणा, मुकणे या आपल्या धरणांच्या परिसरात गळ घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती अलीकडे परदेशी साधने दिसू लागली आहेत. चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याची, म्हणजे ट्रोलिंगची, पद्धत तरुणांना आवडू लागली आहे आणि त्यात वावगे काहीच नाही. उलट, ही पद्धत शिकणाऱ्याला पाण्याची खोली, तापमान आणि माशाची चाल यांचा विचार करावाच लागतो, म्हणून मला तिच्याविषयी आदर आहे. परंतु या साधनांबरोबर शिशाचा गाभा असलेली दोरीही इथे येऊ लागली आहे. ती आपल्या धरणांत वापरू नये, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही दोरी मुख्यतः ज्या माशांसाठी नावाजली गेली, त्यांत उत्तर अमेरिकेतला लेक ट्राउट अग्रभागी आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या खोल, थंड सरोवरांत राहणाऱ्या या शिकारी माशाला साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मानवते. बर्फ वितळल्यानंतरच्या दिवसांत तो काठाजवळ उथळ पाण्यातही सापडतो, पण उन्हाळ्यात वरचा थर तापला की तो खाली जातो आणि 20-30 मीटर किंवा त्याहूनही खोल पाण्यात राहतो. एवढ्या खोलीवर आमिष नेमके नेऊन ते तिथेच टिकवून धरायचे, हा तिथल्या गळवाल्यांपुढचा खरा प्रश्न असतो. त्यासाठी काही जण होडीच्या कडेला छोटा रहाट बसवतात, त्यावरच्या तारेला चार-पाच किलोचा गोळा बांधून खाली सोडतात आणि गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि पुढची झुंज वजनाविना होते. ज्यांना हा रहाट नको असतो, ते शिशाची दोरी वापरतात. विणलेल्या आवरणात शिशाची बारीक तार असते आणि दर 10 यार्डांना आवरणाचा रंग बदलतो, त्यामुळे किती दोरी पाण्यात गेली हे रंग मोजून कळते. होडी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालत असेल, तर एका रंगामागे आमिष सुमारे दीड मीटर खाली जाते, असा तिथला ढोबळ हिशेब आहे.

हा सगळा खटाटोप तिथे सार्थ ठरतो, कारण त्या सरोवरांच्या खोल, गार थरात प्राणवायूही पुरेसा असतो. आपल्याकडे तसे नाही. उन्हाळ्यात आपल्या जलाशयांत वरचे कोमट आणि खालचे त्याहून थंड पाणी असे थर पडतात तेव्हा तळाशी कुजणारा गाळपाला तिथला प्राणवायू खातो, आणि वरून नवा प्राणवायू खाली उतरत नाही. अशा थरात शिकारी मासा थांबत नाही. शिवाय आपली धरणे ही बुडालेली जमीन आहे. जुन्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे, काळ्या खडकाच्या कडा हे सारे तळाशी तसेच आहे. जड दोरी त्यात अडकणार आणि तुटणारच. तुटलेला तुकडा परत काढण्याचा कोणताही मार्ग नसतो.

गंगापूर धरणातून नाशिक शहर पाणी पिते. दोरीच्या एका तुकड्याने शहराचे पाणी विषारी होणार नाही, हे मान्य. भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण शिसे हे शरीराला कोणत्याही प्रमाणात उपयोगाचे नसलेले, मुलांच्या मेंदूला विशेष घातक असे द्रव्य आहे आणि ते पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात जाणूनबुजून वर्षानुवर्षे टाकत राहण्याचे समर्थन कोणत्याही छंदाच्या नावाने होऊ शकत नाही. त्याहून जवळचा धोका पक्ष्यांना आहे. बदके आणि हंस दाणा दळण्यासाठी तळातले बारीक खडे गिळतात आणि त्यांबरोबर गळाला लावायचे शिशाचे मणीही गिळतात. हंस अशा शिशाने दगावतात हे ध्यानात आल्यावर ब्रिटनमध्ये 1987 साली गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. उत्तर अमेरिकेत, लेक ट्राउटच्याच सरोवरांवर, लून नावाचे पाणपक्षी शिसे गिळून मरतात, म्हणून तिथल्या काही राज्यांनी लहान शिशांवर निर्बंध घातले. ज्या प्रदेशातून ही साधने आपण मागवतो, तोच प्रदेश शिशाविषयी सावध झाला आहे, हे आपल्या खरेदीत मात्र दिसत नाही. गोदावरीला इथून खाली निफाड तालुक्यात कादवा मिळते, तिथे नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थंडीत तिथे उतरणारी हजारो बदके याच नदीच्या गाळात चोच घालतात. तिथल्या अभयारण्यात गळ टाकायचाच नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वरच्या अंगाला नदीकाठी टाकलेल्या बारीक मण्यांचे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही.

ट्रोलिंग सोडून द्या, असे माझे म्हणणे नाही. शिशाशिवाय ती उत्तम होते. पुढे चपटी जीभ असलेली लाकडी किंवा प्लास्टिकची आमिषे पाण्याच्या रेट्यानेच खाली बुडी घेतात. जीभ जितकी लांब आणि दोरी जितकी बारीक, तितकी बुडी खोल. होडीमागे 20 ते 30 मीटर दोरी सोडली, तरी आपल्या धरणांतल्या शिकारी माशांसाठी लागणारी खोली बहुतेक वेळा मिळते. वजन लावायचेच असेल तर पितळेचे किंवा लोखंडाचे लावावे, अथवा नदीतला खडा कमकुवत दोऱ्याने बांधावा, म्हणजे अडकल्यावर खडाच तुटून राहील. वेगाची परीक्षा घेण्यासाठी आमिष आधी होडीच्या कडेला, हाताच्या अंतरावर पाण्यात धरून पाहावे. चमच्यासारखे आमिष डावी-उजवीकडे डोलले पाहिजे, गरगर फिरता कामा नये; ते फिरू लागले की दोरीला पीळ पडतो आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वल्ह्यांनी चालवलेली होडी या कामाला पुरते. तीही सरळ रेषेत नेऊ नये. वळण घेताना बाहेरच्या बाजूचे चमच्यासारखे किंवा वजन लावलेले आमिष वेगाने धावते आणि वर येते, आतल्या बाजूचे मंदावते आणि खाली जाते. त्यामुळे वळणावर कोणत्या बाजूच्या गळाला मासा लागला, यावरून त्या दिवशी त्याला कोणता वेग आणि कोणती खोली हवी, ते कळते. लेक ट्राउटवाल्यांकडून उचलण्याजोगी गोष्ट ती हीच.

आपला मासाही ओळखायला हवा. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहूचा ओढा वनस्पतींकडे असतो. त्यांच्यापुढून चमकते आमिष कितीही ओढले तरी ते क्वचितच तोंड लावतील. आपले शिकारी म्हणजे मरळ, शिंगाळा आणि ज्याला आपण खडस म्हणतो तो महासीर. महासीर मिळाला, तर तो ओल्या हाताने, पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता सोडून द्यावा, आणि त्यासाठी तीन टोकांच्या गळाऐवजी टोकाजवळचा उलटा काटा चेपलेला एकच गळ लावावा. मरळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पावसाळ्यात पृष्ठभागाजवळ तांबूस-नारिंगी पिलांचा थवा एका जागी खदखदताना दिसतो, आणि त्याच्या खालीच नर-मादी राखण करीत असतात. आमिष त्या थव्यावरून ओढले की राखण करणारा मासा हमखास झेपावतो, कारण तो भुकेने नव्हे तर पिलांपोटी झेपावतो. अशा वेळी मरळ धरणे म्हणजे त्या पिलांचा संपूर्ण थवा इतर माशांच्या तोंडी देणे आहे. हा प्रकार काही मंडळी मोठ्या अभिमानाने करतात, त्याचे मला अतोनात वाईट वाटते.

धरणात मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. त्यांची परवानगी न घेता होडी घालणे तर चुकीचेच, पण परवानगी असली तरी थर्माकोलच्या तरंगत्या तुकड्यांनी दाखवलेल्या जाळ्यांवरून आमिष ओढत नेऊ नये. तीन टोकांचा गळ जाळ्यात अडकला की जाळे फाटते आणि त्या घराची कित्येक दिवसांची कमाई जाते. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालावे, हे वेगळे सांगायला नको.

शहरातल्या एका दुकानात मी शिशाविना वजने मागितली, तेव्हा असे काही येतच नाही, असे सांगून मला शिशाच्या मण्यांची पुडी पुढे करण्यात आली. दुकानदारांनी पितळेची आणि लोखंडाची वजने ठेवली, तर घेणारे आहेत. मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा विभागांनी धरणांच्या प्रवेशमार्गांवर शिशाची वजने व दोरी वापरू नयेत, असे मराठी फलक लावावेत आणि पावसाळ्यात पिले राखणारे मासे धरू नयेत, हेही त्यावर लिहावे. आपल्या दैनिकानेही पावसाळ्यापूर्वी या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
गळाने मासेमारी करणारा एक वाचक,
नाशिक