आंजर्ल्याहून: यंदा सुपारी धरली

आंजर्ले,
११ ऑगस्ट २०२५

ती. आई, ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर आपलं बोलणं हल्ली गुडघ्यापलीकडे जातच नाही. सूज किती आहे, व्यायाम झाला का, गोळी घेतली का, आणि मग बाबा मागून म्हणतात, "बरंय, ठेवतो आता." आईच्या गुडघ्याची चौकशी मी करणारच. पण मला तुमच्याशी नेहमीचं बोलायचंय. आज भाजीला काय, वाडीत काय पडलं, पाऊस कुठल्या अंगानं आला. घरात आपण दिवसभर हेच बोलायचो. तुम्ही पुण्याला दादाकडे गेल्यापासून मला सगळ्यात जास्त चुकतंय ते हेच. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, आधी तुमची बातमी. विहिरीपलीकडच्या नव्या पोफळींपैकी दोन झाडांना सुपारी धरली आहे! तुम्ही निघालात त्या सुमारासच फुलोऱ्याची पोय फुटली होती. मी मुद्दाम बोलले नाही, कारण पहिल्या पोयीचं काही खरं नसतं, कितीदा गळून जाते. पण श्रावण अर्धा झाला तरी घोस टिकून आहेत. हिरव्यागार सुपाऱ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या झाल्यात. खालून मान वर केली की दिसतात, शिडी लागत नाही.

३ जून २०२० चं वादळ तिकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, पण केळशी-आंजर्ल्याच्या आगरांना त्यानं सोडलं नाही. माड मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाडीत उभे राहिलात आणि एवढंच म्हणालात, "उजेड फार झाला." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. नंतर तुम्ही रोपांच्या दक्षिण-पश्चिम अंगाला केळी लावायला घेतल्यात तेव्हा कळलं, की कोवळ्या पोफळीला दुपारनंतरचं ऊन भाजून काढतं, आणि सावली देणारं एकही झाड उरलेलं नाही. रोप लावताना म्हणाला होतात, "हिला फळ यायला पाच-सहा वर्षं, तोवर मी कुठला!" तर बाबा, पाच वर्षं झाली, सुपारी धरली आणि तुम्ही आहात. तेव्हा ती वाडीत येऊन तुम्हीच बघायची.

पावसात सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगाची काळजी करू नका. यंदा पावसानं सगळ्यांची धांदल उडवली हे तुम्हाला ठाऊकच आहे. २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती म्हणे. आपल्याकडे तर त्याच्या आधीच वळवाच्या नावाखाली धो धो चालू झालं. पावसाआधीची बोर्डोची फवारणी राहिली म्हणून मी धास्तावले होते, पण पुढे जूनमध्ये उघडीप मिळाली आणि लगेच साधून घेतलं. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत कालवून तिसऱ्यात एकदम ओतलं, तुम्ही करता तस्सं. मग विळ्याचं पातं घासून त्यात बुडवलं. बाहेर काढलं तर धारेवर तांबूस छटा. म्हणजे मोरचूद अजून मोकळं. चुन्याचं पाणी थोडं थोडं वाढवत गेले, पुन्हा पातं बुडवलं, तेव्हा ते स्वच्छ निघालं. निळा रंग असा सुरेख आला होता की गडी म्हणाला, "बाबांनीच केल्यासारखं वाटतंय." जुन्या झाडांवर तो चढला, नव्यांना मी खालूनच बांबूला नळी बांधून फवारलं. दुसरा हात जुलैच्या अखेरीला झाला. गळ आहे थोडी, पण घाबरण्यासारखी नाही. माडांमध्ये मात्र एकाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा निघाला. आकड्यानं ओढून काढला. शेणाचा खड्डाही उपसून घेतला, नाहीतर त्याची पिल्लावळ तिथंच वाढते.

आई, आता तुझ्याकडे वळते. रातांब्यांचं थोडक्यात सांगते, कारण तुला वाईट वाटेल. निम्मीच आमसुलं झाली. उरलेल्या सालींना रसाचं दुसरं पुट दिलं आणि आभाळ भरून आलं ते आलंच. चुलीवरच्या फळीवर वाळवून बघितली, पण उन्हाची चव येत नाही. मग राहिलेल्या रातांब्यांचं तुझ्या मापानं मीठ घालून आगळ करून ठेवलं. दोन बरण्या पुण्याला, बाकी इथं. फणसपोळी यंदा नाहीच. आठळ्या मात्र भरपूर आहेत, मातीत पुरून ठेवल्यात, आणि टाकळ्याच्या भाजीत घालून सारख्या संपवते आहे.

नागपंचमीला पातोळ्या केल्या. मागच्या दाराची हळद यंदा अशी माजलीय की एकेक पान हातभर लांब. तू म्हणतेस ना, पीठ पानावर बोटांनी सारवताना खालची शीर जाणवली पाहिजे, तितकंच पातळ ठेवलं. गुळात नवं जायफळ किसून घातलं, आपल्याच झाडाचं. वाफ आल्यावर पान सोडवलं, तर शिरान् शीर पातोळीवर उमटलेली! घरभर तो वास. शेजारच्या काकू हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी आल्या की काय?" मला फार बरं वाटलं. तिकडे हळदीची पानं मिळाली का? वहिनीला सांग, मंडईत असतात. आणि तिच्या हातचं काय काय खाल्लंस तेही लिही. "सगळं छान असतं" एवढ्यावर भागवू नकोस. आमटीत गूळ किती पडतो, भात मऊ असतो की मोकळा, ते कळू दे.

भारंगी आणली होती, दोन पाणी काढूनही कडूच लागली. तू ती गोड कशी करतेस? अळवाला आमसूल टाकायला मी चुकत नाही, ती आहेत तोवर. हर्णैच्या बोटी, बंदी उठल्यावर, नारळ वाहून आता बाहेर पडल्यात. श्रावण संपला की मासळीचं बघू.

पावसाचं म्हणाल तर सध्या आश्लेषा चालू आहेत. सर येते, जाते, मध्ये लख्ख ऊन. पुष्यात, आपल्या म्हाताऱ्या पावसात, मात्र वीज सारखी जायची. त्या अंधारात मला बाबांच्या पिक्चरची फार आठवण यायची. लाईट गेली की तुम्ही पडवीत बसून आम्हाला आख्खा सिनेमा सांगायचात. 'जगाच्या पाठीवर' मी आधी असा तुमच्या तोंडून पाहिला आणि कितीतरी वर्षांनी टीव्हीवर. १९६० चा सिनेमा, राजा परांजपे, सीमा, गदिमांची गाणी, फडक्यांच्या चाली. तुम्ही गाणी म्हणायचात, चालणं करून दाखवायचात. टीव्हीवर पाहताना मी वाट बघत राहिले, पण तुम्ही सांगितलेले दोन-तीन प्रसंग त्यात नव्हतेच. ते तुम्ही कुठून आणलेत? मला अजूनही तुमचाच सिनेमा जास्त आवडतो. खरंच सांगते.

आणि आई, तुझी 'श्यामची आई'. माहेर साने गुरुजींचं पालगड म्हटल्यावर तो सिनेमा तुमच्या घरचाच. अत्र्यांच्या त्या सिनेमाला १९५४ मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हे तू पाहुण्यांना आपल्या भावाचा नंबर आल्यासारखं सांगतेस. पण तू तो पहिल्यांदा कुठं पाहिलास, कुणाबरोबर गेली होतीस, मामा होते का, हे मला कधीच नीट कळलं नाही. आता तुला बसून राहायला सांगितलंय, तर हे सगळं लिहून काढ. वनमाला पडद्यावर आल्यावर बायका रडायच्या म्हणतेस, तर तुझी आईही रडली होती का?

बाबांना तिकडे दुपारी करमत नाही असं दादा म्हणाला. दादा, हे तूही वाच. प्रभातचा जुना स्टुडिओ होता तिथंच, लॉ कॉलेज रोडला, आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्यांना एकदा रिक्षानं तेवढी जागा तरी दाखवून आण. शांतारामबापूंचं नाव निघालं की बाबा कसे ताठ बसतात ते तुला ठाऊक आहे. पाऊस नसेल असा दिवस बघ.

विहिरीजवळ सोनटक्का फुललाय. अनंताला यंदा कमी फुलं, जास्वंदीला मुंग्यांनी धरलंय. गडग्यावर तेरडा गुडघाभर वाढलाय, गौरीला विकत आणायला नको.

आता गणपतीचं. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले तरच या, ओढून-ताणून नको. इकडे मी तयारी केली आहे. ओटीच्या पायऱ्यांना लोखंडी दांडा बसवून घेतला, मोरीत धरायला कडी लावली, आणि आईची कॉट माजघरात आणली, म्हणजे तिला आरास आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसेल. आई, तू बसून मोदकाच्या कळ्या पाड, उकड मी काढते. कड्यावरच्या गणपतीलाही जाऊ, गाडी वरपर्यंत जाते.

दादा, ताम्हिणी घाटानं माणगावला उतरून मंडणगडमार्गे या. पहाटे निघा, घाटात धुकं असतं, रात्रीचा प्रवास अजिबात नको. मागच्या सीटवर आईला पाय लांब करता येईल एवढी जागा ठेव, सामान टपावर बांध. आणि पत्राचं उत्तर तुम्ही येण्याआधी पोचलं पाहिजे, बाबांचं वेगळं आणि आईचं वेगळं.

तुमची,
बाय