मंडळाची खोली पोरांसाठी उघडताना

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय अरविंद,

स. न.

मंडळाची खोली मुलांसाठी उघडायची ठरवलीत, झकास झालं. फक्त उद्घाटनाला पन्नास पोरं गोळा करू नकोस. बारा-पंधरा पुरेत, आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. मोठी माणसं दोन, पण तीच दोन, वर्षभर. वाढत्या वयातली मुलं कार्यक्रमासाठी नाही, माणसासाठी येतात. दर आठवड्याला नवा चेहरा दिसला की गळायला लागतात, आणि आधी गळतात ती घरी ज्यांची कुणी चौकशी करत नाही ती. गणपतीच्या दहा दिवसांत आपण त्यांना राबवतो आणि अकराव्या दिवशी विसरतो, हा आपला जुना रोग.

दोन माणसं म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. बंद दाराआड कुणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहता कामा नये. काही वावगं कळलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. मंडळाच्या नावासाठी प्रकरण दाबणं हाही गुन्हा ठरतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर ठसठशीत लिहून ठेव.

पहिला अर्धा तास घाम निघाला पाहिजे. पाच ते सतरा वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा आणि ट्यूशनमध्ये त्यातली फारशी होत नाही. खो-खो, लंगडी, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. मल्लखांबाचा हट्ट धरू नकोस. त्याला वस्ताद आणि खाली जाड गादी लागते, आणि जुम्मादादा व्यायाममंदिर गावात आहेच.

आता खरी गोष्ट, हिशेबाची वही. महिन्याला ५०० रुपये दोन मुलांच्या हातात द्यायचे: चणे-कुरमुरे, साबण, बल्ब, खडू. वहीत चार रकाने: तारीख, तपशील, जमा, खर्च. बिलं मागच्या पानाला टाचायची, शनिवारी सगळ्यांसमोर मोजायचं. पहिल्या महिन्यात तीस-चाळीस रुपये कमी भरतील. तेव्हा कुणीतरी काका गुपचूप खिशातून भरतात, आणि सगळं तिथेच फसतं. तूट वहीत तूट म्हणूनच लिहू दे, सगळ्यांनी मिळून शोधू दे. दुसऱ्या महिन्यात जोडीतला एकच बदल. राहिलेला नव्याला शिकवतो. दोघं एकदम बदललेस तर वही पुन्हा तुझ्याच गळ्यात.

पुस्तकांसाठी कपाट नको, पेटी कर. १९१० साली सयाजीरावांनी बोलावलेल्या बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांनी इथे ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हा पेट्या गावोगाव फिरत. तीस पुस्तकं भर आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या मंडळाशी अदलाबदल कर. गुजराती पुस्तकं हवीतच; घरी मराठी बोलणारी आपली पोरं वाचतात गुजरातीच. शुद्धलेखनाचा तास लावलास तर संपलंच!

मुली टिकायला हव्या असतील तर आधी स्वच्छतागृहाची आतली कडी आणि गल्लीतला दिवा बघ, आणि थंडीत साडेसातला आवर. नवरात्रात कुणी येणार नाही, तेव्हा सरळ सुट्टी दे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र खोली बंद करू नकोस, बोर्डवाल्यांना अभ्यासाला दे. पण दहाला दिवे बंद. त्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी.

कुणी दोन आठवडे आलं नाही तर घरी जा. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं बोलणं, हे कानावर आलं तर सरळ विचार: जगावंसं वाटत नाही का? विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना सांग, आणि १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव.

खोलीच्या दोन चाव्या कर. एक तुझ्याकडे, दुसरी त्या महिन्याच्या वहीवाल्या जोडीकडे.

तुझा,
सुधीर