गृहमंत्री साहेब, फोटो रोज मिळतात, माहिती कधी मिळणार?

मा. गृहमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस,

साहेब, कोल्हापुरातनं लिहितोय. इथं सकाळी पेपर उघडा नाहीतर मोबाईलवर कुठलंही लोकल न्यूज चॅनेल लावा, पोलिसांची एक तरी गोड बातमी असतेच. रिक्षात विसरलेली पर्स शोधून दिली, चुकलेल्या आजींना घरी सोडलं, आणि वर हेडिंग 'खाकीतली माणुसकी', खाली कमेंटमध्ये सॅल्यूटच सॅल्यूट. यातलं काही खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. 2019 च्या महापुरात पोलीस पाण्यात उतरून माणसं बाहेर काढत होते ते अख्ख्या गावानं बघितलंय, ते छापायलाच पाहिजे.

पण गेल्या महिन्यात माझ्या भागात किती घरफोड्या नोंद झाल्या, किती उघड झाल्या, किती केसमध्ये दोषारोपपत्र गेलं आणि कोर्टात किती टिकल्या, हे मला त्याच पेपरात वाचायला मिळत नाही. एलसीबीनं, म्हणजे पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेनं, टोळी पकडली की बुरखा घातलेले आरोपी, टेबलावर मुद्देमाल आणि मागं उभी टीम असा फोटो येतो, आणि त्यानंतर त्या केसचं काय झालं हे कोण विचारतच नाही.

मोबाईलचंच घ्या. हरवलेल्या-चोरलेल्या फोनसाठीचं केंद्र सरकारचं सीईआयआर पोर्टल 2023 पासून देशभर सुरू झालं, त्यावर फोनचा आयएमईआय नंबर टाकला की फोन ब्लॉक होतो, आणि कुणी त्यात दुसरं सिम घातलं की माग लागतो. चांगली सोय आहे, आणि त्यामुळंच 'गहाळ मोबाईल परत' असे कार्यक्रम होतात. आमच्या गल्लीतल्या एका पोराचा फोन एसटीत चढताना खिशातनं मारला, पोलीस ठाण्यात सांगितलं की गहाळ झाला म्हणून अर्ज दे, चोरी लिहिलीस तर कोर्टाच्या तारखा लागतील. काही महिन्यांनी फोन मिळाला, फोटो आला, पोरगं खूश. पण चोरी झाली याची नोंदच नाही, मग चोर कोण हे शोधणार कोण? दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच लागते, असं सुप्रीम कोर्टानं 2013 ला ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. परत केलेल्या फोनपैकी चोरीचे किती होते, एवढा एक प्रश्न त्या कार्यक्रमात कुणी विचारला असता तर ती खरी बातमी झाली असती.

प्रश्न का विचारत नाहीत तेही बघा. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन किरकोळ, वर जाहिरातीचं टार्गेट, आणि क्राईमची सगळी माहिती पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरनं येणार. वाकडा प्रश्न विचारला की फोन उचलणं बंद होतं, मग त्या दिवशी सगळ्यांकडं बातमी आणि ह्याच्याकडं नाही. मी सगळा दोष त्यांच्यावर टाकणार नाही, पण प्रेसनोट जशीच्या तशी छापणं ही पत्रकारिता नव्हे, हे त्यांनाही कळतं.

आणि हे किती महागात पडतं ते शेजारच्या सांगलीनं बघितलंय. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथं कोठडीतला आरोपी पळून गेला असं पोलिसांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो तरुण कोठडीतच मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, हे घरच्यांनी आणि लोकांनी आवाज उठवल्यावर बाहेर आलं आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी सांगितलं तेच खरं धरून सगळे गप्प बसले असते तर?

डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात लॉकअपसकट सगळीकडं सीसीटीव्ही लावा आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवा, किमान एक वर्ष तरी, असा आदेश दिला. आमच्या जिल्ह्यात त्यातले किती कॅमेरे आज चालू आहेत, याची प्रेसनोट माझ्या तरी वाचनात नाही. पोलिसांविरुद्ध तक्रारीसाठी प्राधिकरण असावं हे सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालात आलं, राज्याच्या कायद्यातही आलं, पण आमच्या गल्लीत दहा जणांना विचारा, तक्रार कुठं करायची ते एकालाही सांगता येणार नाही.

साध्या हवालदाराचं तरी या गोड बातम्यांनी काय भलं होतंय? बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहणं, रद्द झालेली सुट्टी, गळकी क्वार्टर्स, यावर रील निघत नाही.

म्हणून मागणं एवढंच, की ज्या ग्रुपवर फोटो पडतात त्याच ग्रुपवर दर महिन्याला प्रत्येक ठाण्याची माहिती पडू द्या: गुन्हे, तपास, दोषारोपपत्रं, शिक्षा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी आणि बंद कॅमेरे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये न मागता माहिती द्यायची जबाबदारी सरकारवर आहेच. प्रश्न विचारला म्हणून बातमीदाराला ग्रुपमधनं काढायचं नाही असं लेखी कळवा. 2 जानेवारीला पोलीस स्थापना दिन असतो, शाळेच्या पोरांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन भरतं, त्याच आठवड्यात 6 तारखेला पत्रकार दिन येतो. येत्या जानेवारीत त्याच मंडपात या माहितीचा फलक लावा आणि जिल्ह्यातल्या पत्रकारांना त्यावर हवे तेवढे प्रश्न विचारू द्या.

आपला,
कोल्हापूरचा एक वाचक