आधी काय करायचं, हे शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

रुग्ण बरा होऊन घरी निघाला की पेढे वॉर्डात पोहोचतात, फार तर आयसीयूत. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पहिला तासभर कोण राबलं, ते नातेवाइकांच्या लक्षात राहत नाही; त्या वेळी त्यांची तशी अवस्थाही नसते. म्हणून वडोदऱ्यात कॅज्युअल्टीत काम करणारे आम्ही सिस्टर, ब्रदर आणि १०८ रुग्णवाहिकेवरचे काही ईएमटी (तातडीच्या सेवेचे तंत्रज्ञ) तुमचे आभार जाहीरपणे मानतो आहोत. ‘इमर्जन्सीचे डॉक्टर म्हणजे मोठे डॉक्टर येईपर्यंत सांभाळणारे’ हा समज दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या मराठी घरांत अजून आहे. तोही या निमित्ताने दूर व्हावा.

इमर्जन्सी मेडिसिनला आपल्या देशात स्वतंत्र विषय म्हणून मेडिकल कौन्सिलची मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्याआधी बहुतेक ठिकाणी ड्यूटीवरचा सीएमओ (कॅज्युअल्टीचा मेडिकल ऑफिसर) केस पेपर लिहायचा, कॉल पाठवायचा आणि सर्जन किंवा फिजिशियन उतरेपर्यंत सलाइन चालू राहायचं. तुम्ही एमबीबीएसनंतर याच विषयात ३ वर्षांचं एमडी केलंत. भूल, आयसीयू, बालरोग, प्रसूती, हाडांचा विभाग, सगळीकडे पाळ्या केल्यात. त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं, छातीत साचलेली हवा काढणं, निखळलेला खांदा बसवणं हे तुमच्या हातात आहेच. पण आमच्या मते तुमची खरी विद्या निराळी आहे. रोगाचं नाव कळलेलं नसतानाही आता, या मिनिटाला, पहिलं काम कोणतं हे तुम्ही ठरवता, आणि ते आम्हांलाही ठरवता यावं म्हणून कारणासकट शिकवता.

छातीचंच घ्या. छाती, जबडा, डावा हात किंवा वरचं पोट दुखतंय म्हणत माणूस आला की १० मिनिटांत ईसीजी, नोंदणी मागाहून. मधुमेही आणि वयस्कर बायकांना कित्येकदा दुखतच नाही, नुसता दम लागतो आणि दरदरून घाम फुटतो. त्यांनाही तोच नियम. पहिला ईसीजी साफ आला आणि त्रास चालूच असेल, तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर ईसीजीचं उजव्या बाजूचं लीड (तार) लावून पाहिल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवायची नाही. हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर त्या एका गोळीने बीपी कोसळतं. हे कारण माहीत असल्यामुळे नातेवाईक ‘गोळी का देत नाही’ म्हणून अंगावर आले तरी सिस्टर ठाम राहते.

रिअ‍ॅक्शनच्या बाबतीत तर तुम्ही वर्षानुवर्षांची सवय मोडलीत. अ‍ॅलर्जीने अंगावर गांधी (खाजरे चट्टे), ओठ सुजलेले, आवाज बसलेला, बीपी खाली, आणि हात जायचा आधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे. अ‍ॅव्हिलने खाज उतरते, घशाची सूज उतरत नाही. स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन. मोठ्या माणसाला १ मिलीग्रॅमच्या अ‍ॅम्पुलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. त्याची जी भीती बसलेली असते ती शिरेतून दिल्यामुळे. नाडी चालू असलेल्या माणसाला अख्खी अ‍ॅम्पुल शिरेतून गेली तर ठोके बिघडतात, बीपी भलतंच चढतं. मांडीत दिलेल्या अर्ध्या मिलीला भ्यायचं कारण नाही. आणि रुग्णाला झोपवून पाय वर ठेवायचे. बीपी पडलेलं असताना बाथरूमला चालवत न्यायचं नाही.

पादरा, डभोई, सावलीकडून कीटकनाशक प्यालेली माणसं येतात. तोंडाला फेस, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. यावरचा उतारा अ‍ॅट्रोपिन; त्याचा हिशोब तुम्ही आम्हांला शिकवलात, आणि आमच्या दृष्टीने हा सगळ्यांत मोठा उपकार. आपल्याकडे अ‍ॅट्रोपिनची अ‍ॅम्पुल ०.६ मिलीग्रॅमची. सुरुवात ३ अ‍ॅम्पुलने. दर ५ मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर गेली नसेल तर दुप्पट. म्हणजे ३, मग ६, मग १२, मग २४. पहिल्या पाव तासातच ४५ अ‍ॅम्पुल. ट्रॉलीत १० ठेवल्या असतील तर दुसऱ्या डोसनंतरच कोणीतरी स्टोअरकडे धावत सुटणार आणि तेवढ्यात रुग्ण स्वतःच्याच स्रावात बुडणार. म्हणून आता विषाचा वेगळा डबा आहे, आणि एक जण फक्त अ‍ॅम्पुल फोडून भरायलाच उभा राहतो. थांबायचं कधी? छाती साफ, ठोके ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या. बाहुली मोठी व्हायची वाट पाहायची नाही, ती उशिरा सुधारते. ठोके वाढलेत म्हणून घरघर चालू असताना हात आखडायचा नाही. पुढे ठिबक चालू असताना रुग्ण बरळू लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालं. ते थांबवून नंतर कमी वेगाने सुरू करायचं. आणि या सगळ्याच्या जोडीला, हातमोजे घालून, अंगावरचे कपडे उतरवून साबणपाण्याने धुणं. विष कातडीतूनही आत जात राहतं.

पावसाळ्यात सापाच्या केसेस. काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिलं तर विष रक्तात भिनलंय. एवढी साधी चाचणी, पण साबणाने धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि प्रतिविष विनाकारण चढतं. नव्या काचेच्या नळ्यांचा वेगळा खोका तुम्हीच ठेवायला लावलात. मण्यारीचं विष रक्तावर नाही, मज्जातंतूंवर जातं; तिच्या दंशात तर ही चाचणी चांगली येते आणि पापण्या मात्र जड होत जातात. म्हणून दर थोड्या वेळाने ‘वर बघा’ म्हणायचं आणि एका श्वासात कितीपर्यंत मोजता येतं ते पाहायचं.

उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंगाच्या मांजाने गळे कापले जातात. जखमेत बोट किंवा चिमटा घालून रक्त शोधायचं नाही, बाहेरून थेट दाब द्यायचा. जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील तर श्वासनलिका कापली आहे. बसून श्वास घेऊ पाहणाऱ्याला जबरदस्तीने आडवं करायचं नाही, आणि भूल-सर्जन दोघांना एकाच वेळी कॉल.

१०८ च्या मंडळींना तुम्ही फोनवर चारच गोष्टी सांगायला लावता: वय, काय झालं, कधी झालं, आत्ता श्वास-नाडी-बीपी-शुद्ध काय. लकव्याच्या रुग्णात ‘कधी’चा अर्थ ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं’ असा. पहाटे ६ ला पडलेले सापडले आणि रात्री १० ला नीट बोलले होते, तर घड्याळ १० पासून. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तास, त्यामुळे हा प्रश्न चुकला की पुढचं सगळं चुकतं. आणि सीटीच्या आधी बोटाची साखर, कारण साखर उतरली तरी एक बाजू लुळी पडू शकते.

आणखी एका गोष्टीचे आभार. अपघाताच्या केसमध्ये ‘आधी पोलीस’ हे शब्द तुमच्या ड्यूटीत कोणी उच्चारत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. तुम्ही ते प्रत्येक नव्या इंटर्नला पहिल्याच दिवशी सांगता. जखमीला उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसाला पाणी देता, आणि त्याची इच्छा नसेल तर नाव न विचारता जाऊ देता.

आणि एक विनंती. लहान मुलांच्या औषधांचा तक्ता आम्ही ५, १०, १५ आणि २० किलोचे चार रकाने पाडून तयार केला आहे. रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनालिन किलोला ०.०१ मिलीग्रॅम धरलं आहे. सर्पदंशाचं प्रतिविष मात्र मुलांनाही मोठ्यांइतकंच, हे वर ठळक लिहिलं आहे. तुमची सही झाली की लॅमिनेट करून ट्रॉलीला लावतो. उत्तरायणाच्या आधी झालं तर फार बरं.

तुमचे,
कॅज्युअल्टीतले सिस्टर, ब्रदर आणि १०८ चे सहकारी
वडोदरा